‘आज नाही’ म्हणणारा नाखवा
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मी सॉफ्टवेअर इंजिनीअर, म्हणून संयोजकांनी मला ‘संगणक क्षेत्रातील संधी’ हा विषय सुचवला होता. पण त्या विषयावर हल्ली आपली मुलंच आपल्याला शिकवतात. तेव्हा त्यांच्या परवानगीने मी दुसराच विषय घेतला आहे: हिवाळ्यात, थंडी-वाऱ्यात, खाडीत गळाने मासे धरणं.

जव्हारच्या डोंगरातल्या मुलीचा खाऱ्या पाण्याशी काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. संबंध नदीचा आहे. वैतरणा त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावते, मोखाड्याच्या बाजूने खाली उतरते. आपली पिंजाळ पुढे तिलाच मिळते. तिचं बरंचसं पाणी धरणांतून मुंबईच्या नळाला जातं आणि उरलेलं अर्नाळा आणि दातिवरे यांच्यामधून समुद्रात. त्या खाडीत मिळणारा जिताडा खाऱ्या पाण्यात अंडी घालतो आणि त्याची पिल्लं गोड्या पाण्याकडे वर चढतात. म्हणजे तो माशांतला आपलाच गाववाला. आणि मासे धरणं आपल्याला काय नवीन? पहिल्या पावसात वळगणीचे मासे आणि रात्री ओढ्याला खेकडे आपल्यापैकी कितीजणांनी धरले असतील!

आता किनाऱ्यावर हौशी लोक नाखव्याची लहान होडी दिवसभरासाठी ठरवतात. होडी त्याची, जागा तो दाखवणार, गळ आपण टाकायचा. गेल्या जानेवारीत आम्ही ऑफिसमधले पाचजण असेच वैतरणेच्या खाडीवर गेलो होतो. नाखवा साठीचा. मदतीला एक पोरगा होता. बोलता बोलता कळलं की तो मोखाड्याचा. मग काय, आमच्या गप्पा रंगल्या.

ठरलेल्या दिवशी सकाळी सात वाजता आम्ही धक्क्यावर हजर. कानटोप्या, जॅकेटं, थर्मासमध्ये चहा. पाणी इतकं शांत की काच पसरल्यासारखं. नाखव्याने वर पाहिलं, पाण्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “ताई, आज नाही.”

आमच्यातल्या एकाने लगेच मोबाइल काढला. ॲपमध्ये वारा बेताचा दाखवत होता. पाणी तर समोर दिसतच होतं. मग नाही का?

त्याने जे सांगितलं ते आपण सगळे शाळेत शिकलो आहोत. भूगोलाच्या तासाला खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते, आठवतं? रात्री जमीन लवकर थंड होते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. तो मतलई. दुपारी जमीन तापली की उलटा, तो खारा. मतलई वाऱ्यात किनाऱ्यालगतचं पाणी नेहमीच सपाट दिसतं, कारण वाऱ्याला लाट उठवायला तिथे अंतरच मिळत नाही. लाटा पुढे, खोल पाण्यात उठलेल्या असतात. काठावर उभ्या असलेल्या माणसाला त्या दिसत नाहीत.

दुसरी गोष्ट भरतीची. किनाऱ्यावरच्या जुन्या लोकांचा एक हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, भरती पूर्ण होण्याची वेळ साधारण मिळते. त्या दिवशी द्वादशी होती. बारा पाऊणे नऊ. म्हणजे नऊला भरती पूर्ण, मग दुपारी तीनपर्यंत ओहोटी. आम्ही परतणार बारा-एकला. त्या वेळी खाडीचं पाणी मुखातून बाहेर धावत असणार आणि समोरून वायव्येचा खारा वारा आत येत असणार. त्यात उत्तरेकडे थंडीची लाट आलेली, म्हणजे वाऱ्याचा जोर नेहमीपेक्षा जास्त. पाणी एकीकडे आणि वारा दुसरीकडे असला की लाट आखूड आणि उभी होते. खाली वाळूचा उथळ पट्टा असला तर ती फुटते. लहान होडी उलटते ती अशाच जागी. नाखवा म्हणाला, “जाताना काही नाही. येताना आहे.”

मी व्यवसायाने संगणकाचीच बाजू घेणारी, म्हणून ॲप का चुकलं हेही सांगते. ते चुकलं नव्हतं. जगभराचं हवामान मोजणाऱ्या मॉडेलचा एक चौकोन ९ ते २५ किलोमीटरचा असतो. खाडीचं मुख त्या मानाने चिमूटभर. त्यातला वाळूचा पट्टा यंदा कुठे सरकला आहे, हे मॉडेलला कुठून कळणार? आणखी एक: वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. ॲपमध्ये १० चे २० झाले तर आपल्याला फक्त दोन आकडे दिसतात. अंदाज जरूर पाहावा. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था मच्छीमारांसाठी लाटांचा आणि वाऱ्याचा अंदाज रोज देते, नाखवाही तो पाहतो. २०१७ च्या डिसेंबरमध्ये ओखी वादळ आपल्या किनाऱ्याकडे आलं, तेव्हा पालघर जिल्ह्यातल्या शाळांना सुट्टी द्यावी लागली होती. असा इशारा वरूनच यावा लागतो. पण या होडीने, या खाडीत, आज जायचं का, याचं उत्तर तिथल्याच माणसाकडे असतं.

आता खरा मुद्दा. आमच्यापैकी दोघांनी आगाऊ दिलेले पैसे परत मागितले आणि नाखव्याने खिशात हात घालून निमूटपणे दिले. मी त्या पोराकडे पाहिलं. होडी सुटली तर त्याला रोज मिळतो. नाही सुटली तर नाही. नाखव्याच्या ‘नाही’ या एका शब्दाने त्याचा स्वतःचा दिवस गेला आणि पोराचाही. मग उद्या दुसरं गिऱ्हाईक आलं, घरात पैशाची निकड असली, तर किती नाखवे ‘नाही’ म्हणू शकतील? जी व्यवस्था ‘हो’ म्हणायचेच पैसे देते, ती अपघाताची वाट पाहत असते. मी माझ्या वाटचे पैसे परत घेतले नाहीत आणि पोराचा रोज दिला. यात उपकार नव्हते. सकाळी सात वाजता आम्हाला जे मिळालं, तीच त्या दिवसाची सगळ्यात महागाची सेवा होती.

दोन दिवसांनी वारा पडला तेव्हा आम्ही गेलो. तिवरांच्या कडेला, खाडीच्या आतच. थंड पाण्यात मासा सुस्तावतो, तो गळामागे धावत नाही. म्हणून नाखवा सारखा सांगत होता, “हळू ओढा, अजून हळू.” चार तासांत एक जिताडा लागला, दीड-दोन किलोचा. मोठा लागला असता तर सोडायचा, असं त्याने आधीच बजावलं होतं. जिताडा जन्माला नर येतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. मोठा मासा नेला की पुढची पिढीच नेली.

मित्रहो, हे आज इथे सांगण्याचं कारण आहे. दिवाळी झाली की आपल्या दोन्ही तालुक्यांतली घरं अजूनही ओस पडतात, माणसं वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. दुसरीकडे दाभोशाच्या धबधब्यावर, घाटात, धरणांच्या काठी पर्यटक वाढत आहेत आणि आपली पोरं त्यांना वाट दाखवू लागली आहेत. पावसाळ्यात धबधब्याखालचा डोह आज धोक्याचा आहे, हे त्या पोराला कळतं. पण ‘आज नाही’ म्हटलं की त्याचा रोज बुडतो.

म्हणून माझी आपल्या बॅचला एक विनंती आहे. आपण प्रत्येकजण पाहुणे घेऊन इकडे येतोच. वाटाड्या ठरवताना आधीच सांगायचं की हवामानामुळे तू नाही म्हणालास, तरी तुझा निम्मा रोज नक्की. आणि आज आपण जी वर्गणी जमवली आहे, तिच्यातून काही लाइफ जॅकेटं घेऊन ती या पोरांकडे द्यावीत. हिशेब ठेवायची जबाबदारी माझी, तेवढं सॉफ्टवेअर मला येतं!

आपल्याला इथे ज्यांनी शिकवलं, तेही वेळप्रसंगी ‘नाही’ म्हणणारेच होते. त्या सर्व गुरुजनांना नमस्कार करून मी थांबते.