पहिले पापनिवेदन : मूल तयार झाले हे ओळखावे कसे?

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात पिंपळे गुरव येथे केलेले भाषण)



आजच्या प्रसंगी दोन शब्द बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हा प्रथम मी संकोचलो. मी धर्मपंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला, प्राथमिक शाळेत हयात घालविलेला आणि रविवारी मिस्सेनंतर मुलांना धर्मशिक्षण देणारा मी एक साधा मास्तर. परंतु ज्या विषयात मनुष्याच्या हातून चूक घडलेली असते, त्या विषयावर बोलण्याचा थोडाबहुत अधिकार त्याला प्राप्त होतो. त्याच अधिकाराने मी आपणांपुढे उभा आहे.

गास, भुईगाव, निर्मळ, नंदाखाल अशा वसईच्या गावांतून निघालेली आपली कुपारी कुटुंबे कारखान्यांच्या निमित्ताने या पवनाकाठी येऊन स्थिरावली. कोणाची पिंपरीत नोकरी, कोणाची चाकणला. पाळ्या बदलतात, बसगाड्या पहाटे निघतात. मुलांचे धर्मशिक्षण रविवारच्या वर्गावर सोपवून आपण निश्चिंत होतो. आणि मग एक दिवस घरी पत्र येते : आपल्या पाल्यास यंदा प्रथम पापनिवेदन व प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारावयाचे आहे, पालकांनी संमती कळवावी. ज्याला आपली वडीलधारी मंडळी 'कुमसार' म्हणत, त्याच्यासाठी आपले मूल तयार झाले किंवा नाही, हा प्रश्न त्या पत्राने आपल्यापुढे ठेवलेला असतो. आपण मात्र सही करून हॉल ठरविण्यास निघतो.

धर्मसभेचे याविषयीचे म्हणणे काय, ते प्रथम पाहू. इ. स. १२१५ मध्ये भरलेल्या चौथ्या लॅटरन परिषदेने असा नियम केला की, समजेच्या वयास पोहोचलेल्या प्रत्येक श्रद्धावंताने वर्षातून निदान एकदा पापनिवेदन करावे. हे वय नेमके कोणते, याविषयी पुढे देशोदेशी निरनिराळे पायंडे पडले. कोठे दहा, कोठे बारा, तर कोठे चौदा वर्षांपर्यंत मुलांना ख्रिस्तशरीरापासून दूर ठेवीत. अनेक ठिकाणी तर मुलांची पापनिवेदनेही ऐकत नसत, किंवा ऐकली तरी क्षमादान देत नसत. त्यांची चूक धाकापोटी नव्हती, अतिआदरापोटी होती. पण चूक होती खरी. ८ ऑगस्ट १९१० रोजी पोप दहावे पायस यांच्या आज्ञेने निघालेल्या आदेशाने ती दूर केली. सुमारे सातवे वर्ष हे समजेचे वय होय. पापनिवेदनासाठी बरे-वाईट यांतील भेद कळणे पुरेसे. धर्मतत्त्वांचे संपूर्ण ज्ञान असण्याची आवश्यकता नाही, असे त्यात स्पष्ट केले. मुलास ख्रिस्तशरीरासाठी पुढे आणण्याचा निर्णय कोणाचा, हेही त्यात सांगितले : पित्याचा किंवा पित्याच्या स्थानी असणाऱ्याचा, आणि पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंचा.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर काही देशांत वेगळाच प्रयोग झाला. लहान मुलांना ख्रिस्तशरीर आधी द्यावे आणि पापनिवेदन दोनतीन वर्षांनी, जाण वाढल्यावर करू द्यावे, अशी प्रथा काही ठिकाणी पडली. २४ मे १९७३ रोजी रोमहून घोषणा होऊन हे प्रयोग थांबविण्यात आले. पुढे १९८३ च्या धर्मसंहितेत कलम ९१४ आले. त्यानुसार मुलांची योग्य तयारी करवून, पापनिवेदनानंतर, शक्य तितक्या लवकर त्यांना ख्रिस्तशरीर मिळेल हे पाहण्याचे कर्तव्य प्रथम आईबापांचे आहे, आणि प्रमुख धर्मगुरूंचेही आहे. सात वर्षे पूर्ण झालेल्या मुलास समज आलेली आहे असे कलम ९७ गृहीत धरते. परंतु गृहीत धरणे निराळे आणि पारखून पाहणे निराळे.

आमच्या लहानपणी बावखलात पोहावयास शिकविताना वडील केळीचा खांब हाती देत. खांब सोडावयाचा दिवस त्यांनी कधी पंचांगात पाहिला नाही. काठावर उभे राहून ते मुलाचे हातपाय पाहत आणि एके दिवशी खांब काढून घेत. घाई केली तर मूल घाबरे आणि जन्मभर पाण्याकडे फिरकत नसे. फार उशीर केला तर खांबालाच चिकटून राही. पापनिवेदनाचेही तद्वत् आहे.

आता माझ्या चुकीकडे वळतो. गोष्ट तीस वर्षांपूर्वीची, वसईकडील. माझ्या वर्गात तिसरीतला एक मुलगा होता. एके दिवशी गणिताची वही घेऊन तो माझ्या टेबलाशी आला व म्हणाला, "सर, तुम्ही दहापैकी दहा दिलेत, पण दोन उत्तरे मी शेजारच्याची बघून लिहिली." मी दोन गुण कापले, त्याची पाठ थोपटली आणि तो प्रसंग विसरून गेलो. त्याच महिन्यात रविवारच्या वर्गात माझ्या हाती यादी होती. या मुलाला पश्चात्तापाची प्रार्थना काही केल्या पाठ होईना. मधल्या ओळीशी येऊन तो अडखळे. मी त्याच्या नावापुढे 'पुढील वर्षी' असा शेरा मारला. माझ्या शब्दावर विसंबून धर्मगुरूंनीही तो मान्य केला. आईने पांढरा सदरा शिवून ठेवला होता, तो तिने घडी घालून पेटीत ठेवला. दुसऱ्या वर्षी मुलगा वर्गाला आलाच नाही. लहान मुलांबरोबर बसावयाची त्याला लाज वाटली. शेवटी तेराव्या वर्षी त्याने हा संस्कार स्वीकारला.

बंधुभगिनींनो, जो मुलगा कोणी न विचारता, शिक्षा होईल हे ठाऊक असताना, आपली चूक आपल्या तोंडाने सांगावयास आला होता, तोच मला पापनिवेदनास अपात्र वाटला; आणि ज्यांनी प्रार्थना घडाघडा म्हटली ते सर्व पात्र ठरले! आज तो गृहस्थ भेटला म्हणजे आदराने नमस्कार करतो. मान मात्र माझी खाली जाते.

पाठांतरावर माझा राग नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी रचलेले धर्मशिक्षणाचे प्रश्नोत्तररूप पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ साली राचोल येथे छापले गेले. तेव्हापासून आपल्या या किनाऱ्यावर प्रश्नोत्तरांनीच श्रद्धा मुलांच्या ओठी बसत आली. परंतु ते पुस्तक कोंकणीत होते, 'क्रिस्तपुराण' मराठीत होते, हे विसरू नये. लोक ज्या भाषेत हसतात-रडतात, त्या भाषेत त्या परदेशी धर्मगुरूने लिहिले. पाठांतर हे तयारीचे साधन आहे. तयारीची खूण नव्हे.

मग खूण कोणती? अध्यापन-प्रशिक्षणाच्या काळात ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाचे नाव ऐकले होते. १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने मुलांना विचारलेला एक प्रश्न दिला आहे. एका मुलाने दार उघडताना नकळत पंधरा कप फोडले. दुसऱ्याने चोरून मुरंबा काढताना एकच कप फोडला. अधिक वाईट कोण? लहान मुले बहुधा म्हणत, पंधरा कप फोडणारा. थोडी मोठी मुले म्हणत, चोरून काढणारा. नुकसान मोजण्याकडून हेतू ओळखण्याकडे मूल वळले, म्हणजे समजेचे वय जवळ आले असे समजावे. कारण पाप हे फुटलेल्या कपात नसते; ते मनात असते.

हे मला पुस्तकाने सांगितले, पण पटविले माझ्या नातीने. सध्या मी येथे मुलाकडे राहतो. मुलगा चाकणला पाळीवर, सून नोकरीवर. म्हणून संध्याकाळी नातीला डायनासोर उद्यानात नेण्याचे काम माझ्याकडे. यंदा तिच्या नावचेही पत्र आले. मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही एवढी वर्षे शिकवलंत. सांगा, हिची तयारी झाली का?" मी नातीला जवळ घेऊन विचारले. तिने इंग्रजीतील सारी प्रार्थना बिनचूक म्हटली, आणि मग पापांची यादीही म्हटली : आईबाबांचे ऐकले नाही, खोटे बोलले, भावाशी भांडले. मी विचारले, "बाळ, तुला भाऊ कोठे आहे?" ती म्हणाली, "आजोबा, सगळे असंच म्हणतात." मी मुलाला सांगितले, थोडे थांब, अजून पाहू.

त्यानंतर काही आठवड्यांनी जिन्यातील एका शेजाऱ्यांची तुळशीची कुंडी फुटली. आमच्या इमारतीच्या रखवालदाराची मुलगी नातीबरोबर खेळत होती. बोलणी त्या मुलीला बसली, घरी मारही बसला. त्या रात्री नात जेवली नाही. दिवा मालविल्यावर माझ्या अंथरुणाशी येऊन म्हणाली, "आजोबा, कुंडी माझ्या बॉलने फुटली. फुटली ती चुकून. पण मी तिचं नाव घेतलं, ते चुकून नाही." मी काहीच बोललो नाही. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "उद्या खाली जाऊन सांगू का? तुम्ही जिन्यात उभे राहाल?" सकाळी मी जिन्यात उभा राहिलो. ती एकटी खाली गेली, रखवालदाराला व त्याच्या मुलीला खरे काय ते सांगितले आणि रडत वर आली. मग शेजाऱ्यांच्या दारावरची घंटाही तिनेच वाजविली. त्या दिवशी मी मुलाला म्हटले, "आता सही कर."

यावरून मला जे कळले ते चार वाक्यांत सांगतो. चुकून घडलेले आणि जाणून केलेले यांतील फरक मुलाला कळतो का? ते दुसऱ्याचे नव्हे, यादीतलेही नव्हे, तर स्वतःचेच सांगते का? त्याचे दुःख मार बसेल म्हणून आहे, की कोणाला तरी इजा झाली म्हणून आहे? आणि सांगितल्यानंतर आपल्याला जवळ घेतले जाईल, असा विश्वास त्याला आहे का? यांची उत्तरे होकारार्थी असतील, तर प्रार्थनेची एखादी ओळ अडखळली म्हणून त्याला थांबवू नये. ज्या मुलांची बुद्धी मंद चालते, त्यांच्या बाबतीत तर ही गोष्ट दुप्पट ध्यानात धरावी. उलट या खुणा दिसत नसतील, तर बहीणभावांचा समारंभ एकत्र उरकून खर्च वाचतो म्हणून धाकट्याला पुढे लोटू नये. मात्र 'पुढील वर्षी' हा शेरा हलक्या हाताने मारण्याजोगा नव्हे. थांबवावयाचेच असेल, तर आईबापांनी धर्मगुरूंशी बोलून, काही महिन्यांपुरते थांबवावे, आणि त्या महिन्यांत मुलाजवळ बसावे.

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि तो मुलाची नव्हे, आपली परीक्षा घेतो. ज्या घरात खरे बोलल्यावर चपराक बसते, त्या घरातील मूल क्षमा या शब्दाचा अर्थ कोठून शिकणार? उधळ्या पुत्राच्या दाखल्यातील बाप मुलगा दूर असतानाच धावत गेला. आपण 'थांब, फादरना सांगते' असा धाक घालतो आणि मग त्याच फादरांपुढे मुलाने मन मोकळे करावे अशी अपेक्षा ठेवतो. हे कसे जमावे?

काही व्यवहाराच्या गोष्टी सांगून आटोपतो. मुलाने आत काय सांगितले ते कधीही विचारू नका. पापनिवेदनाचे गुपित कलम ९८३ नुसार अभंग आहे. धर्मगुरूंनी जे पाळावयाचे, त्याची आईने खोदून चौकशी करणे बरे नव्हे. कोणाकडे पापनिवेदन करावे याचे स्वातंत्र्य कलम ९९१ ने प्रत्येकाला दिलेले आहे. मुलाला मराठीत बोलणे सोपे जात असेल, तर मराठी जाणणाऱ्या धर्मगुरूंकडे न्यावे. पापनिवेदनाची जागा उघड्यावर, सर्वांच्या नजरेच्या टप्प्यात असावी, हेही धर्मसंहितेने सांगितले आहे; पालकांनी तेवढे डोळसपणे पाहावे. आणि लहान मुलाच्या हातून महापातक घडलेले नसतेच बहुधा. म्हणून त्याच्यासाठी पापे शोधीत बसू नका. एकच खरी गोष्ट त्याने सांगितली तरी पुष्कळ झाले.

बाल शमुवेलाला रात्री हाक आली तेव्हा ती कोणाची, हे त्याला कळले नाही. तीन वेळा तो एलीकडे धावला. शेवटी ओळखले ते म्हाताऱ्या एलीने, ज्याची दृष्टी मंदावली होती. घराघरांतील आजी-आजोबांनो, आईबाप पाळीवर असताना मुलाच्या मनात उठणारी ती हाक प्रथम आपल्याच कानी पडण्याचा संभव आहे. मी ती एकदा ऐकली आणि ओळखली नाही. आपल्या हातून तसे होऊ नये, एवढ्याचसाठी हा बोलण्याचा प्रपंच.