शाळेतला कॉम्प्युटर आणि हजेरीचे यंत्र



आमचे शिक्षण सातवीत थांबले. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत. तेव्हा मुलांना शाळेत काय शिकवावे यावर आम्ही बोलावे हे धाडसच होय. पण कॉम्प्युटरशी आमची गाठ पडली ती पगाराच्या चिठ्ठीवर, म्हणून हे धाडस करतो.

आमच्याकडच्या एका कारखान्यात हजेरीचे यंत्र बसले. महिनाअखेर पुष्कळांचा पगार कमी आला. कचेरीत विचारले, तर उत्तर मिळाले, "आम्ही कुठे कापला? कॉम्प्युटरने कापला." एरवी फोरमनशी कडाकडा भांडणारी माणसे हे ऐकून मुकाट्याने परतली! मग एका फिटरच्या आठवीतल्या मुलीने कार्डावरच्या वेळा आणि कापलेले पैसे वहीत शेजारी शेजारी मांडले. एक मिनिट उशीर झाला की अर्धा तास कापावा, असा हुकूम त्या यंत्राला कोणीतरी देऊन ठेवला होता. गैरहजर वेळेच्या प्रमाणाबाहेर वेतन कापू नये, हे तर १९३६ च्या वेतन कायद्यापासूनचे तत्त्व आहे. त्या मुलीला शाळेत कॉम्प्युटर हा विषय होता. त्यात ती चित्रे रंगवायला आणि अर्ज टाइप करायला शिकली होती. ही पडताळणी शिकवली ती गणिताच्या बाईंनी.

कोणी म्हणेल, मग मुलांना प्रोग्राम लिहायला शिकवा. जरूर शिकवा, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही ते आहेच. पण तेवढ्याने भागत नाही. इंग्लंडने २०१४ साली पाच वर्षांच्या मुलांपासून हे शिक्षण सुरू केले, आणि ते चांगलेच केले. त्याच देशात १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक पोस्टचालक गुन्हेगार ठरले. पुष्कळांच्या बाबतीत पुरावा काय, तर 'होरायझन' नावाच्या कॉम्प्युटरने दाखवलेली तूट. कित्येक तुरुंगात गेले, कित्येकांनी नसलेली तूट पदरचे पैसे घालून भरली. त्या यंत्रणेत दोष होते हे उच्च न्यायालयाने २०१९ साली सांगितले, आणि शिक्षा सरसकट रद्द व्हायला २०२४ चा कायदा यावा लागला. यंत्र बरोबरच चालते, असे तिथली न्यायालये गृहीत धरून चालली होती. न्यायाधीशांना प्रोग्राम लिहिता येत नसेल, त्याला आमची हरकत नाही. "हा आकडा कसा आला ते दाखवा," एवढे विचारायला हवे होते.

शाळेने हे विचारणे शिकवावे. वर्गात पगाराच्या चिठ्ठ्या आणवाव्या, असे आम्ही एकदा सुचवले, तेव्हा एक मास्तर म्हणाले, त्याने मुलांच्या घरची लाज उघडी पडेल. त्यांचे म्हणणे खरे आहे. तर विजेचे बिल घ्या. आधी हाताने हिशेब करा, मग यंत्रावर. एकदा मुद्दाम चुकीचा नियम घाला, आणि यंत्र तोही निमूटपणे पाळते हे मुलांना डोळ्यांनी पाहू द्या. सबंध वर्गाला एक यंत्र पुरते.

त्या कारखान्यात आता दहा मिनिटांची सवलत मिळाली आहे आणि नियम फलकावर लागला आहे. मागचे कापलेले पैसे मात्र अजून मिळायचे आहेत. पुढच्या महिन्यात तारीख आहे. पुराव्याला त्या मुलीची वही लावली आहे.