कासवासाठी अंगणातलं तळं

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)

मराठीत कासवाला शब्द एकच. वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येतं तेही कासव, माळावर गवत खात हिंडतं तेही कासव, आणि देवळात नंदीपुढे दगडात कोरलेलं असतं तेही कासवच. बोलताना ही काटकसर खपून जाते. तळं खणायला घेतलं, की मात्र कोणतं कासव हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. जमिनीवरचं कासव खोल पाण्यात सोडलं तर ते पोहत नाही, बुडून मरतं. पाण्यातलं कासव कोरड्या खोक्यात ठेवलं तर झिजत जातं.

दुसरा प्रश्न कायद्याचा. आपल्याकडे विहिरीत कासव सोडायची जुनी चाल होती. कासव असलं की पाणी नितळ राहतं, असं म्हणत. पण १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, आणि शेतात, ओढ्यात, नदीत सापडणारी आपली देशी कासवं घरी बाळगणं हा त्या कायद्याने गुन्हा आहे. पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं स्टार कासवही त्यात आलं. 'घरात सुख नांदतं' म्हणून कुणी ते आणून दिलं तरी घेऊ नये. तेव्हा आज मी बोलणार आहे ते फक्त एका कासवाबद्दल. डोळ्यामागे तांबडा पट्टा असलेलं, पाठीने हिरवट, दुकानात काडेपेटीवर बसेल एवढं दिसणारं परदेशी कासव. त्याला रेड इअर्ड स्लायडर म्हणतात. मूळचं ते अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं.

दुकानदार सांगतो, 'हे एवढंच राहतं.' तसं होत नाही. मादी वाढून दहा इंचांची, कधी त्याहून मोठी होते. नीट सांभाळलं तर आयुष्य वीस-तीस वर्षांचं. म्हणजे पहिलीतल्या मुलाच्या हट्टापायी आणलेलं कासव त्या मुलाच्या लग्नाच्या पंगतीलाही घरात असू शकतं. मधल्या काळात मुलगा शिकायला परगावी जातो, काचेची टाकी अपुरी पडते, पाण्याला वास मारू लागतो. मग एका रविवारी घरातलं कुणीतरी पिशवी घेऊन गावाबाहेरच्या तलावावर जातं. 'सोडून दिलं, मोकळं झालं बिचारं,' असं म्हणून पुण्यही पदरात पाडून घेतं.

हे पुण्य फार महागात पडतं. जगातल्या सर्वांत घातक शंभर आक्रमक प्रजातींच्या यादीत या कासवाचं नाव आहे. ते काहीही खातं, भराभर वाढतं, आणि ऊन खायच्या जागांवरून देशी कासवांना हुसकावतं. युरोपीय संघाने १९९७ साली त्याची आयात बंद केली. आपल्याकडे गुवाहाटीच्या उग्रतारा मंदिराच्या तळ्यापर्यंत ते पोचलेलं आहे. म्हणून माझं सांगणं असं, की नवीन कासव विकत आणू नका. पण घरात आधीच असेल आणि मागे थोडं अंगण असेल, तर त्याच्यासाठी तळं बांधा. २०२२ च्या दुरुस्तीने परदेशी प्रजातींच्या नोंदणीचीही तरतूद कायद्यात आली आहे. आपल्या कासवाला काय लागू पडतं, ते वन विभागाच्या कार्यालयात आधी विचारून घ्यावं.

आता तळ्याकडे वळू. जागा अशी निवडायची की सकाळचं ऊन पाण्यावर पडेल आणि दुपारनंतर निम्म्या भागावर सावली येईल. ऊन ही या प्राण्याची चैन नाही, ती त्याची गरज आहे. पाण्याबाहेर येऊन, पाय ताणून ते तासन् तास उन्हात पडतं. अंग तापतं तेव्हाच खाल्लेलं पचतं. उन्हातल्या अतिनील किरणांमुळे शरीरात ड जीवनसत्त्व तयार होतं, त्याशिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही आणि कवच मऊ पडतं. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाचा यासाठी उपयोग नाही, काच ते किरण अडवते. दिवाणखान्यातल्या टाकीत कासवं खंगतात त्याचं हे एक मोठं कारण. म्हणून तळ्यात पाण्याबाहेर डोकावणारा एक सपाट, खरबरीत दगड किंवा जाड ओंडका हवाच, आणि त्यावर चढायला उतार हवा. गुळगुळीत फरशीवरून त्याचे पाय घसरतात.

आकाराचा ठोकताळा असा की कवचाच्या प्रत्येक इंचाला सुमारे ४० लिटर पाणी. आठ इंची कासवाला ३२० लिटर झाले. ही किमान गरज, तळं त्याहून मोठंच बांधावं. सहा फूट लांब, चार फूट रुंद, दोन फूट खोल खड्ड्यात साधारण १३५० लिटर पाणी मावतं, दोन कासवांना ते ऐसपैस होतं. एका बाजूला सहा इंच खोलीची पायरी ठेवा, दुसऱ्या बाजूला अडीच फुटांपर्यंत जा. खोल पाणी उन्हाळ्यात लवकर तापत नाही, हिवाळ्यात लवकर गार पडत नाही.

सिमेंटचं बांधकाम टिकाऊ, पण नव्या सिमेंटमधला चुना पाण्यात उतरतो आणि ते पाणी कासवाच्या डोळ्यांना, कातडीला झोंबतं. तळं भरायचं, तीन-चार दिवसांनी रिकामं करायचं, असं चार-पाचदा करावं. मत्स्यालयाच्या दुकानात पीएच मोजायच्या पट्ट्या मिळतात. आकडा सात-आठच्या दरम्यान स्थिरावला की मगच कासव सोडावं. गवंड्याला घाई असते, आपण करू नये. सिमेंट नको असेल तर शेततळ्याला घालतात तो ५०० मायक्रॉनचा कागद उत्तम. खाली चाळलेली वाळू किंवा जुनी गोणपाटं घाला. चढण्या-उतरण्याच्या जागी मात्र कागदावर दगड मांडा, कासवाच्या नख्या साध्या नसतात.

आणि कुंपण! कासव संथ असतं हे आपण सशाच्या गोष्टीत शिकलो आणि तेवढ्यावरच थांबलो. हे कासव चढतं, उकरतं, आणि एकदा बाहेर पडलं की दिसेनासं होतं. तळ्याभोवती दीड फुटाची भिंत घालावी. पाया नऊ-दहा इंच जमिनीत न्यावा, आणि वर शहाबादी फरशी आतल्या बाजूला चार इंच पुढे काढावी. भिंतीच्या आत, पाण्याशेजारी, फूटभर खोल माती-वाळूचा वाफा ठेवा. मादी नर नसतानाही अंडी घालते आणि त्यासाठी तिला उकरायला जागा लागते. ती मिळाली नाही तर अंडी पोटात अडकून जिवावर बेततं. घातलेली अंडी मात्र काढून टाकावीत. पिल्लं वाढवून वाटत बसण्यात शहाणपण नाही.

सगळ्यात जास्त डोकं खातं ते पाणी. कासव माशांच्या मानाने फार घाण करतं. विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया होतो. दगडगोट्यांवर राहणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि नायट्रेट झाडं शोषून घेतात. म्हणून नुसता पंप बसवून भागत नाही. बाजूला एक छोटा हौद करा, त्यात खडी भरा, वर कर्दळ आणि वाळा लावा. पंपाने पाणी हौदात चढवायचं आणि तिथून परत तळ्यात पडू द्यायचं. हे जिवाणू जमायला महिना-दीड महिना लागतो, तेवढे दिवस पाणी गढूळ दिसलं तरी धीर धरावा. शिवाय आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदलायचं. नळाचं पाणी एक दिवस उघड्या पिंपात ठेवून मग घालावं, त्यातला क्लोरीन उडून जातो. काढलेलं पाणी गटारात सोडू नका. केळीला आणि फुलझाडांना घाला, वेगळं खत लागणार नाही. जलपर्णी कितीही फुकट मिळाली तरी आणू नये, ती एकदा ओढ्यात गेली की कुणाच्या बापाला आवरत नाही.

डासांचं काय, हे शेजारी विचारणारच, आणि त्यांचं विचारणं रास्त आहे. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो. पाणी सतत हलतं ठेवा आणि गप्पी मासे सोडा. कासव त्यातले काही मटकावतं. म्हणून एका कोपऱ्यात जाळीआड पाणवनस्पती लावाव्यात, मासे तिथे लपतात आणि वाढतात.

पोळी, दुधातला पाव, भात हे कासवाचं अन्न नव्हे. लहानपणी त्याला मांसाहार जास्त लागतो, मोठेपणी पाला जास्त. तयार गोळ्या थोड्या द्याव्यात, बाकी जलवनस्पती, अ‍ॅझोला, कधीमधी गांडूळ. दहा मिनिटांत संपेल इतकंच टाकायचं. आणि तळ्यात हात घातला की साबणाने धुवायचा. या कासवांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जिवाणू असू शकतात. अमेरिकेत लहान मुलांना त्यामुळे आजार होऊ लागले म्हणून १९७५ साली चार इंचांहून लहान कासवं विकायलाच बंदी घातली गेली. तळ्याची भांडी-बादल्या स्वयंपाकघरात आणू नयेत.

ऋतूंप्रमाणे कामं बदलतात. पुण्या-नाशिककडे डिसेंबरात गारठा वाढला की कासव खाणं कमी करतं, पाणी १५ अंशांखाली गेलं तर जवळजवळ थांबवतं. तेव्हा बळेबळे खायला घालू नये, पोटात न पचता सडतं. विदर्भात प्रश्न उलटा, तिथे मे महिन्यात हिरवी शेडनेट अर्ध्या तळ्यावर ओढावी लागते आणि रोज बादलीभर पाण्याची भर घालावी लागते. पिल्लू असेल तर वरून जाळी बारमाही हवी. कावळा, घार आणि मुंगूस तिघांनाही ते दिसतं.

पण खरी परीक्षा पावसाची. एका रात्रीत चार-पाच इंच पाऊस झाला की तळं काठोकाठ भरतं, आणि भरलेल्या तळ्यातून कासव चालत नाही, पोहत बाहेर पडतं. तिथून गटार, गटारातून ओढा, ओढ्यातून नदी. जे टाळायचं म्हणून सगळा खटाटोप केला तेच होतं. काठाच्या सहा इंच खाली दोन इंची सांडपाइप बसवा, तोंडाला स्टीलची जाळी लावा, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात जाळीतला पालापाचोळा काढून ठेवा. पावसाळाभर दर चार दिवसांनी तो पुन्हा काढायचा.

सुट्टीत आठवडाभर गावाला जायचं असेल तर काळजी नसावी. मोठं, धडधाकट कासव तेवढे दिवस न खाता राहतं. किल्ली शेजाऱ्यांकडे द्या आणि त्यांना दोनच गोष्टी सांगा. प्रेमाने काही खायला टाकू नका, आणि वीज गेली तर आल्यावर पंप सुरू झाला का ते एकदा डोकावून बघा.