बर्फाच्या देशाच्या बाता
(ठाकुर्ली येथे युवकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



मी कॅनडातल्या एडमंटन शहरात नोकरी करतो. सुट्टीत ठाकुर्लीला आलो की ठरलेले प्रश्न येतात. तिकडे बारा महिने बर्फ असतो का? हलाल मिळतं का? नमाज कुठे पढता? मग आवाज खाली आणून आणखी एक: तिकडे आपल्याला कुणी काही म्हणत नाही ना?

आधी थंडीचं बोलू. एडमंटनला हिवाळ्यात पारा कधी कधी उणे 30 पर्यंत उतरतो, हे खरं. गाडीच्या तोंडाशी विजेची पिन लोंबत असते. रात्री ती प्लगला लावली की इंजिन गोठत नाही. पण घरात 20-21 अंश असतात, मी टी-शर्टवर वावरतो. आणि बारा महिने बर्फ? 29 जून 2021 रोजी त्याच देशातल्या लिटन गावात 49.6 अंश तापमान नोंदलं गेलं. दुसऱ्या दिवशी वणव्यात ते गाव जवळजवळ सगळं जळालं.

आता मशिदीचं. कॅनडातली पहिली मशीद, अल रशीद, 1938 साली एडमंटनमध्येच उभी राहिली. हिल्वी हमदान नावाच्या बाई जागा मागायला थेट महापौरांकडे गेल्या. मग बायकांनी दुकानोदुकानी फिरून वर्गणी गोळा केली. ख्रिस्ती आणि ज्यू दुकानदारांनीही पैसे दिले. बांधणारा कंत्राटदार युक्रेनी वंशाचा होता, म्हणून ती मशीद थोडी त्यांच्या चर्चसारखी दिसते. उद्घाटनाला मुंबईत शिकलेले, कुरआनचे इंग्रजी अनुवादक अब्दुल्ला यूसुफ अली हजर होते. आर्क्टिक वर्तुळाच्या पलीकडे इनुविक गाव आहे. तिथली मशीद 2010 साली विनिपेगमध्ये तयार करून ट्रक आणि बोटीने सुमारे 4,000 किलोमीटर नेली. उन्हाळ्यात तिथे काही आठवडे सूर्य मावळतच नाही. 2021 च्या जनगणनेनुसार कॅनडात सुमारे 18 लाख मुसलमान आहेत, म्हणजे शंभरात जवळपास पाच.

हे ऐकून काहींना वाटेल, मग तर जन्नतच! तीही बातच आहे. जानेवारी 2017 मध्ये क्युबेक शहराच्या मशिदीत गोळीबार झाला, सहा नमाजी मारले गेले. जून 2021 मध्ये ओंटारिओतल्या लंडन शहरात फिरायला निघालेल्या एका मुस्लिम कुटुंबावर मुद्दाम गाडी घातली, चौघे गेले. 2019 च्या कायद्याने क्युबेकमधल्या सरकारी शाळांत नव्याने लागणाऱ्या शिक्षिकेला हिजाब घालून शिकवता येत नाही. दोन्ही हल्ल्यांनंतर हजारो बिगरमुस्लिम शेजारी रस्त्यावर उतरले, हेही तितकंच खरं.

मी हे का सांगतोय? बर्फाच्या बाता ऐकून एखादी हुशार मुलगी अर्जच भरत नाही. डॉलरच्या बाता ऐकून एखादा मुलगा अब्बांना घर गहाण ठेवायला लावतो. दोघांचंही नुकसान ऐकीव गोष्टींनी होतं. आणि ऐकीव गोष्टींचा मार आपल्याइतका कुणी खाल्लाय? मुंब्र्यात कधी पाऊल न ठेवलेला माणूस मुंब्रा कसा आहे ते छातीठोक सांगतो, आणि त्याच्या बोलण्यावर कुणाला भाड्याने घर मिळायचं ते मिळत नाही. आपल्याबद्दल बोलण्याआधी लोकांनी येऊन बघावं, असं आपण म्हणतो. मग दुसऱ्या देशाबद्दल बोलताना आपणही तेवढी मेहनत घेऊ या.

जायचं असेल तर आकडे विचारा. विद्यार्थ्याला राहण्याखाण्यासाठी दाखवावी लागणारी रक्कम 1 जानेवारी 2024 पासून 10,000 वरून 20,635 डॉलर झाली, पुढे आणखी वाढली. फी आणि प्रवास वेगळा. कॉलेज चालू असताना बाहेर आठवड्याला 24 तासच काम करता येतं. एजंट म्हणाला, 'पार्टटाइममध्ये फी निघेल', तर त्याच्यासमोरच कागदावर हिशेब मांडा.

मी अजून दोन आठवडे इथे आहे. ज्यांच्या घरी हा विषय चालू आहे त्यांनी ऑफर लेटर, फीचा तक्ता, जे असेल ते घेऊन या. अब्बा-अम्मींनाही आणा. बसून वाचू.