एककाचे नाव आणि एककाचे मोल



एककांचा विषय निघाला की श्रोत्यांना शाळेतील कोष्टके आठवतात. तरीही विद्युत् संवाहकतेच्या एककांविषयी बोलावयाचे मी ठरविले, याला कारण आहे. जुन्या नोंदी वाचणाऱ्यास येथे एक चकवा लागतो. एकच नाव दोन काळांत दोन उलट राशींना दिले गेले आहे.

प्रथम राशी कोणती ते पाहू. तारेच्या टोकांना विद्युत् दाब लावला असता तिच्यातून प्रवाह वाहतो. तार त्या प्रवाहाला जो अडथळा करते त्याला रोध म्हणतात आणि तो ओहममध्ये मोजतात. प्रवाह किती सुलभतेने जातो हे सांगणारी राशी म्हणजे संवाहकता. ती रोधाची व्यस्त राशी होय. २ ओहम रोधाच्या तारेची संवाहकता अर्धा एकक, तर ४ ओहमच्या तारेची पाव एकक असते.

१८६० साली जर्मनीतील वेर्नर सीमेन्स यांनी रोधाचे एक एकक सुचविले. १ मीटर लांब व १ चौरस मिलिमीटर छेदाच्या पाऱ्याच्या स्तंभाचा ० अंश सेल्सिअस तापमानास जो रोध असेल, तो एक एकक मानावा, अशी ती सूचना होती. पारा शुद्ध करता येतो, त्यामुळे हे एकक कोणत्याही प्रयोगशाळेत पुन्हा सिद्ध करता येई. तारायंत्राच्या अभियंत्यांत ते रूढ झाले व ‘सीमेन्सचे एकक’ म्हणून ओळखले जाऊ लागले. पुढे १८८१ च्या पॅरिस परिषदेने ओहम स्वीकारला. १८९३ च्या शिकागो परिषदेने आंतरराष्ट्रीय ओहम ठरविला, तोही पाऱ्याच्याच स्तंभावरून. मात्र त्याची लांबी १०६.३ सेंटिमीटर होती. सीमेन्सचे नाव मागे पडले, पण त्यांचा पारा टिकून राहिला.

दरम्यान १८८३ साली विल्यम टॉमसन, म्हणजेच पुढे लॉर्ड केल्व्हिन झालेले शास्त्रज्ञ, यांनी संवाहकतेच्या एककाला नाव सुचविले. फोनोग्राफ उलटा फिरवून ‘ओहम’ हा शब्द ऐकावा, असे ते विनोदाने म्हणाले. रोमन लिपीतील ती तीन अक्षरे उलटी लिहिली की ‘म्हो’ हा शब्द तयार होतो. विनोदातून आलेले हे नाव जगभर चालले. १९७१ साली वजने व मापे यांच्या सार्वत्रिक परिषदेने त्याच्या जागी ‘सीमेन्स’ हे नाव मान्य केले. अशा रीतीने जे नाव पूर्वी रोधाचे होते, ते आता संवाहकतेचे झाले.

म्होचे सीमेन्समध्ये रूपांतर करणे सोपे आहे: १ म्हो म्हणजे १ सीमेन्स. परंतु नोंद १९४८ पूर्वीची असेल तर थोडी सावधगिरी हवी. त्या वर्षी आंतरराष्ट्रीय ओहम जाऊन निरपेक्ष ओहम आला. जुना ओहम नव्या १.०००४९ ओहमएवढा भरतो. म्हणून जुना म्हो सुमारे ०.९९९५१ सीमेन्स होतो. हा फरक सूक्ष्म मापनातच जाणवेल.

खरा धोका नावातील आहे. एका जुन्या तारमार्गाच्या नोंदीत ‘१००० सीमेन्स’ असे लिहिले आहे, असे समजा. हे रोधाचे माप आहे. १००० ला १.०६३ ने भागले की सुमारे ९४०.७ आंतरराष्ट्रीय ओहम, म्हणजे आजचे ९४१.२ ओहम येतात. त्यांची व्यस्त संख्या घेतली की संवाहकता सुमारे ०.००१०६ सीमेन्स मिळते. तोच आकडा कोणी आजचे सीमेन्स समजून वाचला, तर त्या मार्गाचा रोध एका ओहमचा हजारावा भाग ठरेल. ही चूक नऊ लाखपटीहून मोठी आहे!

हा प्रश्न केवळ जुन्या दप्तरांचा नाही. शेतजमिनीतील क्षारांचे प्रमाण मातीच्या अर्काच्या विशिष्ट संवाहकतेवरून ठरवितात. अमेरिकेतील क्षारता प्रयोगशाळेच्या १९५४ च्या पुस्तिकेत संपृक्त मातीच्या अर्कासाठी २५ अंश सेल्सिअस तापमानास ४ मिलिम्हो प्रति सेंटिमीटर ही खारवट जमिनीची मर्यादा दिली आहे, आणि ती पुढे सर्वत्र वापरली गेली. आजच्या अहवालात तेच माप ४ डेसिसीमेन्स प्रति मीटर असे येते. आकडा बदलत नाही. पण एखाद्या अहवालात ते मिलिसीमेन्स प्रति मीटरमध्ये दिले असेल, तर ४ चे ४०० होतात. केवळ आकडा पाहणारा शेतकरी चांगली जमीन बिघडली असे समजून हताश होईल; आणि उलट वाचन झाले तर बिघडलेल्या जमिनीकडे त्याचे दुर्लक्ष होईल.

म्हणून एवढेच सांगून थांबतो. आकडा एकटा काहीच बोलत नाही. त्याच्याशेजारी एककाचे पूर्ण नाव लिहावे, राशी कोणती ते लिहावे आणि नोंदीचे वर्ष लिहावे. हे तीन शब्द लिहिण्याचा कंटाळा केला, तर आपल्यामागून येणाऱ्याला आपले सारे श्रम निरुपयोगी ठरतील.