चुकलेल्या उत्तराची कैफियत

(वासंतिक व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



पत्रिकेवर आजचा विषय ‘बुद्धिमत्ता व व्यक्तिमत्त्व : व्याख्या आणि मापन’ असा छापलेला आहे. चिटणिसांनी तो माझ्या संमतीनेच छापला, हे मी नाकारीत नाही. मात्र या दोन्ही वस्तूंची सर्वमान्य व्याख्या तासाभरात सांगू शकेल असा मनुष्य मला अद्याप भेटलेला नाही, आणि भेटला तर त्याच्यापासून चार हात दूर राहावे असेच माझे मत आहे. १९२१ साली एका अमेरिकन नियतकालिकाने नामवंत मानसशास्त्रज्ञांना बुद्धी म्हणजे काय असे विचारले, तेव्हा जितके विद्वान तितकी उत्तरे आली. आणि दोनच वर्षांनी बोरिंग नावाच्या प्राध्यापकाने (आडनावावर जाऊ नका) (हशा) बुद्धी म्हणजे बुद्धीच्या कसोट्या जे मोजतात ते, असा निकाल देऊन दप्तर बंद केले. मला आज त्या दप्तरातला एकच कागद आपल्यापुढे वाचावयाचा आहे. तो कागद आहे चुकलेल्या उत्तराचा. कसोटीत मूल काय बरोबर सांगते यापेक्षा ते चुकते कसे आणि का, यात त्याच्या बुद्धीचा ठाव अधिक लागतो, असे मी गेली पुष्कळ वर्षे म्हणत आलो आहे, आणि आजही तेच म्हणणार आहे.

बिने आणि सायमन या फ्रेंच संशोधकांची १९०५ ची कथा आपणांपैकी बहुतेकांना ठाऊक असेल. शाळेत मागे पडणारी मुले निवडण्याचे काम फ्रेंच सरकारच्या शिक्षणखात्याने नेमलेल्या समितीपुढे होते आणि त्यातून तीस कामांची ती प्रसिद्ध कसोटी निघाली, एवढे नमूद करून मी पुढे जातो. मात्र ती तीस कामे एकदा डोळ्यांखालून घालावीत अशी माझी शिफारस आहे. पहिल्यात पेटलेल्या काडीच्या मागे डोळे फिरतात की नाही एवढेच पाहावयाचे. चौथ्यात चॉकलेट आणि त्याच आकाराचा लाकडाचा तुकडा यांतून खाण्याचा पदार्थ ओळखावयाचा. आणि शेवटच्यात अमूर्त कल्पनांमधील भेद शब्दांत सांगावयाचे. पुढे याच कसोटीत विसंगती ओळखण्याची वाक्ये आली. त्यांपैकी एकात एका दुर्दैवी मुलीचे प्रेत अठरा तुकडे झालेल्या स्थितीत सापडले असून तिने आत्महत्या केली असावी असा तर्क आहे, असे मुलांना सांगत, आणि यात वेडगळ काय ते विचारीत. (हशा) आपणांस हसू आले. पॅरिसची मुलेही हसत असत. बिने मात्र त्या मुलांसमोर बसून ती काय बोलतात ते टिपून घेई. या गृहस्थाने स्वतःच्या दोन मुलींना वर्षानुवर्षे न्याहाळून त्यांच्यावर निबंध लिहिले होते. शाळेतील मुलांच्या डोक्यांची मापे घेऊन त्यांतून बुद्धीचा काही पत्ता लागत नाही असे अनुभवास येताच तो मार्ग सोडून दिला होता. आणि बुद्धी ही जन्मतःच मिळालेली, न वाढणारी ठेव आहे, या समजुतीचा त्याने १९०९ साली कडक शब्दांत निषेध केला. १९११ साली तो वारला. मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याची तजवीज जर्मन मानसशास्त्रज्ञ स्टर्नने १९१२ साली केली, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ टर्मनने १९१६ साली तिला शंभराने गुणून बुद्ध्यंक रूढ केला, आणि या अंकाविषयी बिनेचे मत विचारण्याची सोय राहिली नाही.

यानंतर जे झाले त्याचे मला वाईट वाटते. १९१७ साली अमेरिका युद्धात उतरली आणि सुमारे सतरा लाख सैनिकांची बुद्धी अजमावण्याचा हुकूम निघाला. इतक्या माणसांसमोर कोण बसणार? म्हणून छापील पुस्तिका निघाल्या. अनेक पर्यायांतून एकावर खूण करावयाची. तपासणाऱ्या कारकुनाला फक्त खूण दिसते, ती करणारा दिसत नाही. ज्यांना इंग्रजी वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी चित्रे होती, आणि त्यांपैकी एका चित्रात टेनिसच्या मैदानावर जाळी नाही हे ओळखावयाचे होते! सिसिलीतल्या एखाद्या खेड्यातून नुकत्याच बोटीने उतरलेल्या मजुराने ही उणीव दाखविली नाही, तर शून्य. या सर्व खटाटोपातून गोऱ्या अमेरिकन शिपायाचे सरासरी मानसिक वय अवघे तेरा वर्षांचे निघाले आणि देश बुडाल्याची हाकाटी झाली. लिपमन या पत्रकाराने तेव्हा एवढेच दाखवून दिले की, सामान्य प्रौढाची बुद्धी सामान्य प्रौढाच्या बुद्धीहून कमी आहे, या विधानाला अर्थच नाही. (हशा) परंतु छापील पुस्तिका राहिली, आणि चुकलेले उत्तर हे शून्याचे दुसरे नाव झाले.

दुसऱ्या रांगेतील एक गृहस्थ मघापासून मान हलवीत आहेत. मी कसोट्यांच्या विरुद्ध नाही, महाशय. धारवाडच्या डॉ. कामत यांनी बिनेची कसोटी मराठी आणि कानडी मुलांसाठी नव्याने बसविली, १९४० साली त्यावर ग्रंथ लिहिला, आणि आपल्याकडील दवाखान्यांतून ती आजही वापरली जाते. त्या परिश्रमाला मी नमस्कार करतो. माझे भांडण कसोटीशी नाही, शून्याशी आहे. आणि ते का आहे हे सांगण्यासाठी मला थोडे उझबेकिस्तानात जावे लागेल.

१९३१ आणि १९३२ साली लुरिया हा तरुण रशियन मानसशास्त्रज्ञ तेथील निरक्षर शेतकऱ्यांकडे गेला. चहा घेत, गप्पांच्या ओघात, तो कोडी घाली. हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि ओंडका: यांतील निराळे कोणते? शाळा शिकलेला कोणीही ओंडका म्हणेल, कारण बाकीची तीन अवजारे. शेतकरी म्हणत, चारही लागतात; करवतीने ओंडका कापावयाचा, कुऱ्हाडीने फोडावयाचा, ओंडकाच काढून टाकला तर अवजारे काय कामाची? आता बिनेच्या कसोटीत वस्तूची व्याख्या उपयोगावरून करणे हे सहा वर्षांच्या मुलाचे लक्षण ठरविले होते, आणि नऊ वर्षांच्या मुलाने त्यापलीकडे जावे अशी अपेक्षा होती. म्हणजे ज्या माणसाने चाळीस वर्षे जमीन कसली आणि घर उभे केले, तो आमच्या खतावणीत सहा वर्षांचा!

दुसरे कोडे याहून सरस आहे. अतिउत्तरेकडे, जेथे बर्फ असते तेथे, सर्व अस्वले पांढरी असतात. नोवाया झेम्ल्या हे अतिउत्तरेस आहे. तेथील अस्वलांचा रंग कोणता? शेतकऱ्यांची उत्तरे साधारण अशी, की मी तेथे गेलेलो नाही. जो गेला असेल त्याला विचारा. न पाहिलेल्या गोष्टीबद्दल बोलू नये. मानसशास्त्रज्ञाच्या वहीत हे तर्काचे अपयश. पण समोर पाचसहा वकीलमंडळी बसलेली दिसतात, त्यांना मी विचारतो: साक्षीदाराने पिंजऱ्यात उभे राहून, मी पाहिले नाही, सांगणाऱ्याला बोलवा, असे म्हटले, तर आपण त्याला मूर्ख म्हणता की ऐकीव पुरावा न देणारा उत्तम साक्षीदार म्हणता? (हशा, टाळ्या) लुरियाने ही उत्तरे चुकीची म्हणून खोडली नाहीत, शब्दशः लिहून ठेवली, आणि त्यांवरचे त्याचे पुस्तक सुमारे चाळीस वर्षे दप्तरात पडून १९७४ साली प्रकाशात आले, तेव्हा त्यात वाचण्याजोगे जे होते ते त्या उत्तरांतच होते.

इतके दूर कशाला? घाटावरच्या एका तालुक्याच्या गावी मुलांची चाचणी चाललेली मी स्वतः पाहिली आहे. परीक्षक बाईंनी विचारले, “बाळ, तुला गावाला जायचंय आणि गाडी चुकली, तर काय करशील?” मुलगा म्हणाला, “आजीकडं जाऊन झोपायचं. गाडी उद्याच येती.” खुलाशाच्या पुस्तिकेत अपेक्षित उत्तर ‘पुढील गाडीची वाट पाहणे’ असे होते, आणि बाईंनी नियमाप्रमाणे शून्य लिहिले. त्या गावाला दिवसाकाठी एकच एस.टी. होती. मुलगा वाट पाहणारच होता. फक्त उन्हात नव्हे, आजीच्या घरी.

याच शून्यांच्या ढिगातून एक मोठे शास्त्र जन्मास आले, हे फार थोडे लोक सांगतात. पहिले महायुद्ध संपल्यावर पियाजे नावाचा तरुण पॅरिसला आला. बिनेचा सहकारी सायमन याने त्याला बर्ट या इंग्रज मानसशास्त्रज्ञाच्या कसोट्या फ्रेंच मुलांसाठी बसविण्याचे रुक्ष काम दिले. पियाजेला बरोबर उत्तरांचा लवकरच कंटाळा आला, आणि एकाच वयाची मुले एकाच तऱ्हेने का चुकतात याचा शोध घेण्यासाठी तो मुलांशी बोलू लागला. बालकांच्या विचारांचे त्याचे सगळे शास्त्र तेथून सुरू होते. बिनेच्याच प्रयोगशाळेत, हे लक्षात घ्या.

चिठ्ठी आली आहे. (हशा) ‘व्यक्तिमत्त्व राहिले’, असा मजकूर आहे, आणि दहा मिनिटांची मुदत. चिठ्ठी रास्त आहे. रोर्शाखचे शाईचे दहा डाग आपण ऐकून आहात, ते सोडतो. मिनेसोटा विद्यापीठातून १९४३ साली निघालेल्या प्रश्नावलीबद्दल मात्र सांगितले पाहिजे. तीत साडेपाचशे विधाने. प्रत्येकास ‘खरे’ किंवा ‘खोटे’ म्हणावयाचे. व्यक्तिमत्त्वाच्या परीक्षेत उत्तर चुकणार कसे, अशी शंका येईल. ती रचणाऱ्यांनी पंधरा विधाने अशी पेरली की ज्यांना सज्जनातल्या सज्जनानेही नाइलाजाने होकार द्यावा: मला कधीकधी राग येतो, या जातीची. जो त्या सर्वांना नकार देतो तो साधू नसून स्वतःला सजवून दाखवीत आहे, असा शेरा पडतो. येथेही चूक ऐकण्याची सोय ठेवली, म्हणून ही प्रश्नावली टिकली, असे मला वाटते.

आणि जेथे चुकण्यास वावच नाही तेथे काय होते, हे फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली दाखविले. त्याने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व-चाचणी घेतली, आठवड्याने प्रत्येकाला त्याचे खाजगी वर्णन म्हणून एक कागद दिला, आणि ते कितपत जुळते याला पाचपैकी गुण द्यावयास सांगितले. सरासरी आली ४.२६. सर्वांच्या हातांत एकच मजकूर होता: आपण स्वतःवर फार टीका करता, आपल्या अंगी न वापरलेले सामर्थ्य आहे, अशा धर्तीचा. त्यातील बहुतेक वाक्ये फोररने रस्त्यावरील पुस्तकविक्रेत्याकडच्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचलली होती. (हशा)

उद्या याच व्यासपीठावर फलज्योतिषावर व्याख्यान आहे, असे पत्रिकेत दिसते. (मोठा हशा) त्या विद्वान वक्त्यांना माझा नमस्कार सांगावा, आणि आपल्यापैकी कोणी प्रश्न विचारणार असेल तर एवढेच विचारावे की, महाराज, आपले भविष्य चुकले असे आम्ही केव्हा समजावे? अध्यक्षांना समारोपासाठी पाच मिनिटे ठेवून मी खाली बसतो.