दूरचा विक्रेता आणि दाराशी आलेला न्याय



भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद किंवा आळंद येथील आठवडी बाजारात वस्तू घेण्याची एक रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तुरीचा दाणा मुठीत घेऊन पाहावा, कापडाचा पोत बोटांनी चाचपावा, भांडे वाजवून घ्यावे आणि मगच भाव ठरवावा. वस्तू खोटी निघाली, तर पुढच्या बाजारी त्याच दुकानापुढे उभे राहून जाब विचारता येतो. विक्रेत्यालाही त्याच पंचक्रोशीत तोंड दाखवावयाचे असते. ही लोकलाज हाच त्या व्यवहाराचा खरा आधार होय.

आता याच गावांतील शिक्षक, विद्यार्थी आणि लहान व्यावसायिक भ्रमणध्वनीच्या पडद्यावरील चित्र पाहून लॅपटॉप मागवितात. विक्रेता परराज्यात, गोदाम तिसऱ्याच शहरात आणि पैसे आधीच चुकते झालेले, असा हा व्यवहार असतो. त्यात हात लावून पाहणे नाही आणि लोकलाजही नाही. ही उणीव भरून काढण्याचे कार्य कायद्याने अंगावर घेतले आहे. परंतु ज्याला तो ठाऊक नाही, त्याच्या दृष्टीने तो असून नसल्यासारखाच.

दोष कोणता, हे आधी ठरवावे

समजा, एखाद्या विद्यार्थिनीच्या वडिलांनी तूर विकून आलेल्या पैशांतून लॅपटॉप मागविला. जाहिरातीत तो नवा आणि आठ जीबी मेमरीचा असल्याचे म्हटले होते. प्रत्यक्षात मेमरी चार जीबी निघाली, बॅटरी अर्ध्या तासात उतरू लागली आणि यंत्र मध्येच बंद पडू लागले. येथे दोन निरनिराळ्या तक्रारी आहेत. यंत्र बंद पडते, हा वस्तूतील दोष. मेमरी कमी निघाली, हे खोटे वर्णन. लॅपटॉप जुना असून दुरुस्त करून नवा म्हणून विकला असेल, तर ती अनुचित व्यापारी प्रथा ठरते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये तसा स्पष्ट उल्लेख आहे. यंत्राच्या तळाशी असलेला अनुक्रमांक खोक्यावरील क्रमांकाशी जुळतो काय, हे पाहावे. तोच क्रमांक उत्पादकाला कळविल्यास हमीची मुदत कोणत्या दिवसापासून सुरू झाली, हे बहुधा कळते. ती मुदत खरेदीच्या कितीतरी आधी सुरू झालेली असेल, तर संशयाला बळकट आधार मिळतो.

पुरावा पहिल्या दिवसापासून

ग्राहकाचे खरे बळ रागात नसून कागदात असते. जाहिरातीचे पान विक्रेता केव्हाही बदलू शकतो. म्हणून मागणी नोंदवितानाच त्याचे छायाचित्र घेऊन ठेवावे. पावती, मागणीचा क्रमांक, पैसे भरल्याची नोंद आणि हमीपत्र एकत्र जपावे. खोके उघडताना सलग चित्रफीत घ्यावी, म्हणजे आतली वस्तू ग्राहकाने बदलली, असा आरोप टिकत नाही. दोष दिसताच यंत्र स्थानिक कारागिराकडून उघडू नये. तसे केल्यास हमी नाकारण्यास निमित्त मिळते. दूरध्वनीवर झालेले बोलणे त्याच दिवशी लेखी कळवून पक्के करावे.

तक्रारीच्या तीन पायऱ्या

पहिली पायरी कंपनीचीच आहे. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार अशा प्रत्येक व्यापारी संस्थेने तक्रार निवारण अधिकारी नेमणे बंधनकारक आहे. त्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावयाची असून एक महिन्याच्या आत तिचे निवारण करावयाचे आहे. वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीतील वर्णनाप्रमाणे नसेल, तर ती परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. “आम्ही केवळ मध्यस्थ आहोत,” असे उत्तर आल्यास विक्रेत्याचे नाव व पत्ता लेखी मागावा. तो देणे मध्यस्थ संस्थेवर बंधनकारक आहे.

दुसरी पायरी राष्ट्रीय ग्राहक मदतवाणीची. तिचा क्रमांक १९१५ असून तेथे मराठी व कन्नड या दोन्ही भाषांत बोलता येते. ही मदतवाणी निवाडा देत नाही. मात्र तक्रार कंपनीपर्यंत पोहोचवून तडजोडीचा प्रयत्न करते. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. इंटरनेटवर शोधून सापडलेला कोणताही क्रमांक कंपनीचा मानू नये आणि पैसे परत मिळतील या आशेने बँकेचा ओटीपी कोणासही सांगू नये. फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे.

तिसरी पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. सीमाभागातील नागरिकांनी विशेष ध्यानात घ्यावी अशी गोष्ट येथेच आहे. १९८६ च्या मूळ कायद्यात तक्रार मुख्यतः विरुद्ध पक्षाच्या ठिकाणी किंवा जेथे तक्रारीचे कारण घडले तेथे करावी लागे. २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या नव्या कायद्याने ग्राहकाच्या निवासाच्या किंवा कामाच्या ठिकाणीही तक्रार करण्याची मुभा दिली. विक्रेता दिल्लीचा असो वा मुंबईचा, औरादच्या रहिवाशाला बिदरच्या आणि आळंदच्या रहिवाशाला कलबुर्गीच्या आयोगापुढे दाद मागता येते. भालकीचा रहिवासी उदगीरला नोकरी करीत असेल, तर त्याला लातूरचाही मार्ग मोकळा आहे.

वस्तूसाठी दिलेली रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रारीस शुल्क नाही. वकील देणे सक्तीचे नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी. ती ‘ई-जागृती’ या संकेतस्थळावरूनही करता येते. दोष दूर करणे, वस्तू बदलून देणे, किंमत परत करणे आणि नुकसानभरपाई देणे, असे आदेश आयोग देऊ शकतो. आदेश न पाळणाऱ्यास कारावासाची अथवा दंडाची शिक्षा आहे. स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी लॅपटॉप वापरणारा लहान व्यावसायिकही ग्राहकच मानला जातो.

धीर आणि चिकाटी

हा मार्ग नेहमीच जलद असतो, असे मात्र नाही. तक्रार तीन महिन्यांत, आणि वस्तूची तपासणी आवश्यक असल्यास पाच महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो; प्रत्यक्षात विलंब होतो. ओडिशातील एका विद्यार्थ्याने २०१४ मध्ये १९० रुपयांना जाहीर झालेला लॅपटॉप मागविला. मागणी स्वीकारून नंतर ती रद्द करण्यात आली. तेथील राज्य आयोगाने भरपाईचा आदेश दिला तो २०२१ मध्ये. लॅपटॉपअभावी शिक्षणाची खोळंबलेली वर्षे कोणताही आदेश परत देऊ शकत नाही, हे खरे. परंतु एका विद्यार्थ्यालाही मोठ्या कंपनीला उत्तर देण्यास भाग पाडता येते, हेही तितकेच खरे.

पुष्कळ ग्राहक पहिल्याच नकाराने गप्प बसतात. कोणाला इंग्रजी पत्राची भीती वाटते, तर कोणाला जिल्ह्याच्या गावी जाण्याचा संकोच. येथे शिक्षकांचे व पंचायत विकास अधिकाऱ्यांचे साहाय्य मोलाचे ठरेल. राष्ट्रीय ग्राहक दिनी, म्हणजे २४ डिसेंबरला, प्रत्येक शाळेत विद्यार्थ्यांकडून तक्रारीचा एक नमुना अर्ज लिहवून घेतला, तरी घरोघरी एक जाणता लेखक तयार होईल. अर्जात कोणती वस्तू, केव्हा, किती रुपयांस घेतली, काय सांगितले होते, काय मिळाले आणि काय हवे आहे, एवढ्या सहा गोष्टी स्पष्ट असल्या म्हणजे पुरे.

बाजारात दाणा पारखून घेणारा शेतकरी भोळा नसतो. तीच पारख त्याने आता पडद्यावरील वस्तूबाबतही दाखवावी आणि फसगत झाल्यास नशिबाला दोष न देता लेखी जाब विचारावा. कायद्याने न्याय दाराशी आणून ठेवला आहे. दार उघडण्याचे काम मात्र ग्राहकाचेच आहे.